वसईच्या मोर्चांवरचे नाईक आणि हवालदार

मराठ्यांच्या पायदळात दहा माणसांवर एक नाईक असे. पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी शिवकालीन उतरंड बखरकार सभासदाने नोंदवली आहे. घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार असे आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पायदळाच्या जुमलेदाराला सालीना शंभर होन मिळत, घोडदळाच्या जुमलेदाराला पाचशे. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींची नावे येतात, पण रोजची फौज चालवणारे हे मधल्या फळीचे लोकच होते.

त्यांच्याकडून नेमकी काय अपेक्षा होती, हे शिवाजी महाराजांनी मे १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीला पाठवलेल्या पत्रातून कळते. पत्र कोणा बड्या सरदाराला नाही, जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेले आहे. दाणा, वैरण आताच उधळू नका, ते पावसाळाभर पुरले पाहिजे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, नाहीतर तिला मोगल बरे वाटतील. रात्री दिवा जळत ठेवलात तर उंदीर पेटती वात उचलून नेईल आणि गवताला आग लागेल. राजाने उंदराची काळजी करावी हे आज गमतीचे वाटेल. पण गंजी पेटली तर घोडे उपाशी मरतात, आणि ती पेटू न देणे हे त्या हवालदाराचेच काम होते.

पुढे पोर्तुगीजांशी लढताना वसई प्रांतात या व्यवस्थेची खरी कसोटी लागली. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे हा किल्ला त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाला. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी. जमिनीवरून तोफा नेऊन भिडायला वाव उत्तरेकडून. आज नालासोपारा पूर्वेत मिसळून गेलेले आचोळे त्याच उत्तरेच्या अंगाला, किल्ल्यापासून काही कोसांवर येते. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली आणि या पट्ट्यातली शेते, तळी इमारतींच्या गर्दीत दिसेनाशी झाली. मराठ्यांचे मोर्चे लागले तेव्हा हा सगळा मुलूख भातखाचरे, मिठागरे आणि खाड्यांचा होता. घोड्यांच्या टापांवर लढणाऱ्या फौजेला हे रान सोयीचे नव्हते.

पोर्तुगीजांविरुद्धची ही मोहीम मार्च १७३७ मध्ये सुरू झाली. ठाणे आणि अर्नाळा पहिल्या झपाट्यात हाती आले. त्यात अंजूरच्या गंगाजी नाईक व त्यांच्या भावांचा मोठा वाटा होता. वाटा, उतार, भरती-ओहोटी यांची त्यांना घरची माहिती होती. वसईचा किल्ला मात्र दाद देईना. शंकराजी केशव फडके यांच्या माणसांनी त्याच वर्षी शिड्या लावून तट चढायचा प्रयत्न केला, तो फसला. शिडीवरच्या लढाईत पहिला माणूस पडला की दुसऱ्याला वर चढवणारा कोणी मागे उभा असावा लागतो, आणि वरून गोळ्या नि दगड येत असताना ते उभे राहणे सोपे नसते.

१७३९ च्या आरंभी पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा स्वतः उत्तर कोकणात उतरले. माहीम पडले, तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर कामी आले, आणि मग सगळा जोर वसईवर आला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे घोडदळाचे सरदार इथे खंदकाशी बसले होते. वेढ्यात घोडदौडीला काम नव्हते. मोर्चा इंचाइंचाने पुढे सरकवायचा, भिंतीखाली सुरुंग खणायचा, दारू भरायची आणि ठरल्या क्षणी बत्ती द्यायची. खणणाऱ्यांच्या टोळ्या पाळीपाळीने आत जात. त्यांना वेळेवर बदली, वेळेवर भाकरी आणि जखमी बाहेर काढणारे हात मिळाले नाहीत तर भुयार जागीच थांबे.

मे महिन्यात सुरुंग उडवले तेव्हा टोळीप्रमुखांच्या हाती किती असते ते दिसले. पहिले स्फोट होताच लोक भगदाडाकडे धावले, आणि मागे राहिलेला सुरुंग त्यांच्याच अंगावर उडाला. आवेशात कुणी कमी पडले नव्हते, मेळ चुकला होता. तरी मोर्चे मोडले नाहीत. पुढच्या हल्ल्यात सेंट सेबॅस्टियन बुरूज हाती आला, आतल्यांना तो परत घेता आला नाही, आणि १६ मे रोजी पोर्तुगीजांनी तहाची बोलणी लावली. २३ मे १७३९ रोजी ते शस्त्रे, कुटुंबे आणि सामान घेऊन किल्ल्याबाहेर पडले. (जुन्या इंग्रजी पुस्तकांत याच घटनेची तारीख १२ मे दिसते, इंग्रजांचे पंचांग तेव्हा अकरा दिवस मागे होते.) किल्ला पडत नसेल तर निदान माझे मस्तक तोफेने आत उडवा असे चिमाजी म्हणाले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, अशा एका वाक्यावर महिनोन् महिने खंदक धरून राहता येत नाही.

शंकराजी केशव वसईचे सुभेदार झाले आणि वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले. पुढे इंग्रजांशी झालेल्या युद्धात डिसेंबर १७८० मध्ये त्यांच्या जनरल गॉडर्डने किल्ला घेतला; त्याच सुमारास वज्रेश्वरीजवळच्या दुगाडला हार्टलीच्या पलटणींशी लढताना मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश मारले गेले. सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली.

तोवर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेने देशी पलटणी उभारताना नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार ही ओळखीची पदे उचलली होती. त्यांचे वजन मात्र बदलले. प्रांत सांभाळणारा सुभेदार तिथे एका कंपनीचा देशी अधिकारी झाला. जमादाराचे नाव १९६५ मध्ये नायब सुभेदार झाले. नाईक मात्र लहान तुकडीचा म्होरक्याच राहिला. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांची अख्खी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात ठार वा जखमी झाली. हुकूम द्यायला माणूसच उरला नव्हता. ते एकटे मशीनगनवर धावले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली आणि उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. माणगावला त्यांचा पुतळा आहे.