कुत्र्याची चामखीळ आणि आपल्या मुलींची लस

औंढा नागनाथच्या आसपास शेतावर, आखाड्यावर कुत्रं असतंच. कधी पिल्लाच्या ओठांवर, हिरड्यांवर फुलकोबीसारखे खडबडीत फोड येतात आणि घरातले घाबरतात. ही बहुधा चामखीळ असते. तिचा इतिहास माहीत करून घ्या. तो तुमच्या मुलीच्या आरोग्याशी जोडलेला आहे.

१८९८ साली मॅकफेडियन आणि हॉबडे या ब्रिटिश पशुवैद्यांनी कुत्र्याची चामखीळ दुसऱ्या कुत्र्याला लागते, हे प्रयोगाने दाखवले. १९३२ मध्ये अमेरिकेत डीमॉनब्रुन आणि गुडपाश्चर यांनी त्यामागे विषाणू असल्याचे दाखवले. एकदा बरे झालेल्या कुत्र्याला ती सहसा पुन्हा होत नाही, हेही त्यांना दिसले. म्हणजे शरीर या विषाणूला ओळखून ठेवते.

हा विषाणू पॅपिलोमा कुळातला. याच कुळातला माणसाचा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असतो, हे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात दाखवले. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले.

मग लस का नको? अडचण अशी, की माणसाचा एचपीव्ही प्राण्यांना होत नाही. लस तपासायची कशावर? इथे कुत्रा कामी आला. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या विषाणूचे फक्त बाहेरचे कवच तयार करून बीगल कुत्र्यांना टोचले. नंतर खरा विषाणू दिला, तरी त्यांना चामखीळ झाली नाही. हे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच तत्त्वावरची माणसांची पहिली लस २००६ मध्ये आली. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या भारतीय लसीला मान्यता मिळाली.

आता तुमच्यासाठी. पिल्लाच्या तोंडातली चामखीळ बहुतेक वेळा एक ते तीन महिन्यांत आपोआप जाते. ती माणसांना लागत नाही. इतर कुत्र्यांना लागते, म्हणून तोवर पिल्लाला वेगळे ठेवा. चुना लावू नका, केसाने आवळू नका, ब्लेडने कापू नका. पिल्लू खात नसेल, फोडातून रक्त येत असेल, किंवा वयस्क कुत्र्याच्या अंगावर गाठ वाढत असेल, तर गुरांच्या दवाखान्यात दाखवा. प्रत्येक गाठ चामखीळ नसते.

आणि घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. त्या वयात ही लस सर्वांत चांगले काम करते.