बीथोव्हेनचा फसलेला जलसा

व्हिएन्ना शहरांत संगीतकाराला स्वतःच्या लाभासाठीं नाट्यगृह मिळणें त्या काळीं दुर्मिळ होतें. म्हणून २२ डिसेंबर १८०८ रोजीं ‘थिएटर आन डेर वीन’ मिळतांच बीथोव्हेननें पांचवी व सहावी सिंफनी, चौथा पियानो-कॉन्चेर्टो आणि गायन असा चार तासांचा बेत एकाच रात्रीं योजिला. पण तालमी अपुऱ्या पडल्या. कित्येक चांगले वादक त्याच रात्रीं दुसऱ्या जलशांत गुंतले होते. नाट्यगृहांत कडाक्याची थंडी होती. ठरलेली गायिका भांडणामुळें आली नाहीं. तिच्या जागीं उभी राहिलेली तरुणी भीतीनें गांगरली.

अखेरच्या ‘कोरल फँटसी’त तर वादकांचा मेळच सुटला. श्रवणशक्ति क्षीण होत चाललेल्या बीथोव्हेननें भर सभेंत वादन थांबवून पुन्हां आरंभ करविला. वादक रागावले, श्रोते गारठून घरीं परतले.

त्या रात्रीं प्रथमच जाहीरपणें वाजलेली पांचवी सिंफनी आज जगभर ऐकली जाते. प्रयोग फसला म्हणजे रचना फसली असें नव्हे. मात्र हा भेद कळण्यास तीच रचना पुन्हां, नीट वाजावी लागते.