अक्षरे मोजून जपलेला ग्रंथ

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने जिते सोडले की हमरापूर आणि मग पेण. पेणचे गणपती सर्वांना ठाऊक असतात. परंतु याच गावात बेने इस्राएल समाजाचे १८६३ सालचे प्रार्थनामंदिर आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावणारे हे मराठी भाषक ज्यू तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

शतकानुशतके या समाजापाशी धर्मग्रंथ नव्हता. शनिवारची विश्रांती, सुंता आणि 'शमा' प्रार्थनेचे शब्द मात्र स्मरणात टिकले होते. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. पुढे कोकणातही झाली. तेथे वाचली जाणारी 'तोरा'ची गुंडाळी आजही हातानेच लिहावी लागते. प्रचलित पाठात ३,०४,८०५ अक्षरे आहेत. एक अक्षर चुकले, तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनास चालत नाही. जुन्या पाठशोधकांनी अक्षरे मोजून ठेवली, ती चूक पकडण्यासाठीच. बेरीज ताळून पाहण्याचीच ही रीत.

गुंडाळी चर्मपत्राची असते. चुन्याच्या निवळीत भिजवून, ताणून वाळवलेले हे कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन. कोकणातील दमट हवेत ते ओलावा शोषून फुगते, कोरड्या हवेत आकसते. या हालचालीत शाई सुटू लागते. इथिओपियातील ज्यूंचा 'ओरित' हा गीझ भाषेतील ग्रंथही चर्मपत्रावरच लिहीत. मात्र तो गुंडाळीऐवजी शिवलेल्या पोथीच्या रूपात असे.

मायफळ आणि हिराकस यांची शाई जगभर वापरली गेली. तिचा प्रयोग वर्गात सहज होतो. हिरड्याच्या काढ्यात चिमूटभर हिराकस टाका. त्या पाण्याने कागदावर लिहा. फिकट अक्षरे काही वेळात काळी पडतात, कारण हवेतील ऑक्सिजनमुळे फेरस लोहाचे फेरिक होते आणि ते टॅनिनशी काळे संयुग बनवते. हीच शाई आम्लधर्मी असल्याने कागद कुरतडते. चर्मपत्रातील चुन्याचा अंश मात्र ते आम्ल बरेचसे शमवतो.

१९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. निकामी झालेली गुंडाळी धर्मरीतीनुसार पुरली जाते. इतिहासाचे साधन म्हणून आम्हांला त्याची हळहळ वाटते. परंतु श्रद्धावंतांच्या लेखी तो ग्रंथ वाचण्यासाठी आहे, कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. म्हणून तो पुरला जाण्यापूर्वी, त्यांच्या संमतीने त्याची छायाचित्रे घेऊन ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.