‘विधवा’ या शब्दाचें यमक

यमक हा कवितेचा अलंकार समजला जातो. परंतु समाजाच्या मनाचा ठाव घेण्याचेंहि तें एक साधन आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. प्रसंग लहानसाच घडला. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें स्वतः रचलेली एक कविता आम्हांस दाखविण्यास आणिली. विषय त्याची आजी. तीन कडवीं बरीं साधलीं होतीं. चौथ्यांत पहिल्या चरणाचे शेवटीं ‘विधवा’ हा शब्द आला आणि घोडें अडलें. “सर, याला ‘सधवा’ एवढेंच यमक सांपडतें, आणि तें मला घालावयाचें नाहीं,” असें तो म्हणाला. आम्हीं त्याजकडे चार दिवसांची मुदत मागितली. यमक शोधूं गेलों तों इतिहासच अधिक हातीं लागला. तो वाचकांपुढें ठेवितों.

मराठींत या शब्दाशीं जुळणारे शब्द अगदींच नाहींत असें नव्हे. माधवा, उद्धवा, बांधवा असे कांहीं आहेत; पण तीं सारीं संबोधनें, आणि तींहि पुरुषांचीं. तिच्या शेजारीं नाम म्हणून उभी राहील अशी स्त्री एकच, ती म्हणजे सधवा. पुरुषाची गोष्ट निराळी. ज्याची पत्नी निवर्तली त्या ‘विधुरा’स भाषेनें ‘मधुर’ हें यमक सहज देऊन टाकिलें आहे! केशवपन झालेल्या स्त्रीस आपल्या घरांत ‘सोवळी’ म्हणत. तिचीं यमकें ‘ओवळी’ आणि ‘कोवळी’. आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या कपाळीं हें सोवळेपण येत असे, हें स्मरलें म्हणजे यांतील दुसरें यमक वाचवत नाहीं. ‘रांड’ हा शब्द तर विधवा व वेश्या या दोघींनाहि एकाच तोंडानें लावीत. त्याचें यमक ‘सांड’, हेंहि शिवीच्याच कुळांतलें.

आतां ‘सधवा’ हा शब्द कोठून आला तें पाहूं. ‘धव’ म्हणजे पति. तो जिला नाहीं ती विधवा, तो जिला आहे ती सधवा, असें आपण शाळेंत शिकलों. ही व्युत्पत्ति जुनी आहे. यास्कानें निरुक्तांत या शब्दाच्या तीन-चार व्युत्पत्ति दिल्या असून ‘धव’ हें मनुष्याचें नांव धरून त्याच्या वियोगानें विधवा, ही त्यांतील एक आहे. यास्कासारख्या पंडितासहि एका व्युत्पत्तीवर थांबतां आलें नाहीं, हेंच सूचक आहे. ऋग्वेदांत ‘विधवा’ आहे. घोषा या ऋषिकेच्या नांवावर असलेल्या दहाव्या मंडलांतील सूक्तांत तो शब्द येतो. पण पति या अर्थाचा ‘धव’ ऋग्वेदांत नाहीं. लॅटिन विदुआ, रशियन व्दोवा, जर्मन वित्वे, इंग्रजी विडो, फारसी बेवा हीं सारीं याच शब्दाचीं भावंडें; आणि त्यांपैकीं एकाहि भाषेस ‘धवा’ची गरज पडली नाहीं. भाषाशास्त्रज्ञांच्या मतें मूळ धातूचा अर्थ वेगळें पडणें, उणें होणें असा आहे. म्हणजे ‘विधवा’ हा फोड न होणारा शब्द. आपल्या पूर्वजांनीं त्यांतला ‘वि’ उपसर्ग समजून बाजूस काढिला आणि उरलेल्या तुकड्यास नवरा ठरविलें!

त्या तुकड्याचें भाग्य मात्र मोठें. कोशांत त्यास स्थान मिळालें. ‘उमाधव’, ‘रमाधव’ अशा रूपानें तो देवांच्या नांवांत शिरला. माधवाचीहि एक फोड ‘मा’ म्हणजे लक्ष्मीचा ‘धव’ अशी करूं लागले. वैदिक भाषेंत विरुद्धार्थी शब्द ‘अविधवा’ असा होता. भाद्रपद वद्य नवमीस ‘अविधवा नवमी’ म्हणतात, तिच्यांत तो आजहि जिवंत आहे. पुढें ‘सधवा’ आली. व्याकरणाच्या चुकींतून जन्मलेलें हें यमक समाजानें मात्र चूक म्हणून वापरलें नाहीं. हळदीकुंकवास कोणास बोलवावें, ओटी कोणाची भरावी, हें सारें त्या दोन शब्दांच्या जोडीनें ठरूं लागलें.

एकोणिसाव्या शतकांतील सुधारकांस हा शब्द वारंवार आडवा आला. १८५६ सालीं पुनर्विवाहाचा कायदा झाला, तरी घरांतील शब्द कायद्यानें बदलत नव्हते. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं विधवांचें केशवपन न करण्याचा ठराव केला. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाईंशीं विवाह केला आणि त्याच वर्षीं विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापिली. १८९५ सालीं तिचें नांव विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असें झालें. उत्तेजन देणें निराळें आणि वाटेंतील धोंडा दूर करणें निराळें, हें नांवांतच उमटलें. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढिला. त्याचें नांव मात्र ‘अनाथ बालिकाश्रम’. जो शब्द ऐकतांच घराचीं दारें लागत, तो पाटीवर नसलेलाच बरा, असें त्या वेळीं वाटलें असल्यास नवल नाहीं.

शब्द टाळण्याची ही वाट पुष्कळांस सोयीची वाटते. पूर्वीं पत्रांत सधवेस ‘सौ.’ तर विधवेस ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी लिहीत. २०२३ सालच्या एप्रिलांत ‘विधवा’ऐवजीं हेंच नामाभिधान शासकीय व्यवहारांत घ्यावें, असा विचार महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास खात्यांत निघाला. टीका झाली तेव्हां निर्णय झालेला नसल्याचा खुलासा करण्यांत आला. नद्या पवित्र खऱ्या. पण त्यांच्या नांवानेंहि ती स्त्री वेगळ्या पंक्तींतच बसते. त्याच्या आदल्या वर्षीं, मे २०२२ मध्यें, कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें निराळेंच केलें. नांवास हात न लावतां, पतिनिधनानंतर कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें या प्रथा बंद करण्याचा ठराव तिनें केला; आणि राज्यशासनानें त्याच महिन्यांत तो इतर ग्रामपंचायतींपुढें आदर्श म्हणून ठेविला. आम्हांस खेड्याची ही रीत अधिक शहाणपणाची वाटते. दोष ‘विधवा’ या शब्दाचा नाहीं. तो एका दुःखाचें नांव सांगतो, आणि दुःखास नांव असावेंच. दोष त्याला जोडून दिलेल्या यमकाचा, व त्या यमकाच्या आधारें उभारलेल्या आचारांचा आहे.

चार दिवसांनीं आम्हीं हें सर्व त्या विद्यार्थ्यास सांगितलें आणि यमक कांहीं सांपडलें नाहीं, अशी कबुलीहि दिली. त्यानें तोंवर आपली अडचण स्वतःच सोडविली होती. ‘विधवा’ हा शब्द चरणाच्या शेवटून काढून त्यानें मध्यें घेतला होता, म्हणजे त्यास यमकाची गरजच उरली नाहीं. शेवटीं त्यानें आजीचें नांव घातलें होतें. तें वाचून आम्हीं कविता परत केली. दुरुस्ती एकहि केली नाहीं.