एमएसडब्ल्यू करायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

मार्केट यार्डातल्या हमालांसाठी हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव हे आयुर्वेदाचे डॉक्टर. एमएसडब्ल्यू त्यांनी केलेलं नव्हतं. पण आज या क्षेत्रात नोकरी पाहिजे तर कागद लागतोच.

कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू करता येतं. पुण्यात १९६३ पासूनची कर्वे समाज सेवा संस्था आहे. पुढे सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक, मोठ्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होता येतं. सायकिअॅट्रिक सोशल वर्कर व्हायचं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे वर एम.फिल.ही हवं. ‘तीन महिन्यांत समुपदेशक’ म्हणणाऱ्या क्लासला आधी विचारा, मान्यता कोणाची?