खर्जाची आस आणि साउंड कार्डाचं कूळ

रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबली की मी तानपुरा रेकॉर्ड करायला बसतो. तानपुरा मिरजेचा, काळी एकला लावलेला. पंचम, जोड आणि खर्ज असं एक आवर्तन छेडायचं आणि खर्ज वाजला की हात आवरून नुसतं ऐकत राहायचं. ती तार बराच वेळ बोलते. आधी भरदार षड्ज, मग त्यातून वर येणारा स्वयंभू गंधार, मग जवारीची झिणझिण, आणि सगळ्यात शेवटी विरत जाणारा एक धागा. त्यालाच आपण आस म्हणतो. पहिल्यांदा हे रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं तेव्हा षड्ज जागेवर होता, गंधारही होता. आस मात्र अर्ध्यातच बुडाली होती. तिच्या जागी बारीक सूंऽऽ होतं, आणि ऐकता ऐकता माउस हलवला की त्या सूंमध्ये चिरचिर उमटत होती. तानपुऱ्यात खोट नव्हती, माइकही बरा होता. माइकची पिन कॉम्प्युटरच्या मागच्या गुलाबी सॉकेटमध्ये होती, आणि त्या सॉकेटच्या पलीकडे आस हरवत होती.

चांगलं साउंड कार्ड कोणतं, हे तेव्हापासून मी बऱ्याच जणांना विचारलं. आता बरेच जण मला विचारतात. उत्तर शोधताना मला या वस्तूच्या कुळातच शिरावं लागलं. त्या कुळाच्या दोन शाखा आहेत. एक स्वतः आवाज निर्माण करणारी, दुसरी बाहेरचा आवाज आत घेणारी आणि आतला बाहेर सोडणारी. नाव कमावलं पहिलीने, टिकली दुसरी. कार्ड निवडताना होणारी बहुतेक गल्लत ही फाटाफूट लक्षात न घेतल्यामुळे होते.

आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर 12 ऑगस्ट 1981 रोजी जाहीर केला. किंमत 1,565 डॉलरपासून पुढे. त्यात एक छोटा स्पीकर होता आणि तो चालवायला इंटेलची 8253 ही टायमर चिप. ती चिप स्पीकरच्या पडद्याला दोनच गोष्टी सांगू शकायची: पुढे हो, मागे हो. पुढेमागे किती वेगाने व्हायचं हे बदललं की पट्टी बदलायची, पण आवाज लहानमोठा करण्याची सोय नव्हती. मशीन सुरू झालं आणि सगळं ठीक असलं की एकदा ‘बीप’. हिशेब आणि टायपिंग करणाऱ्या यंत्राला एवढा कंठ पुरेसा आहे, असा बनवणाऱ्यांचा विचार. 1982 चा कमोडोर 64 आणि 1985 चा अमिगा हे घरगुती कॉम्प्युटर त्यानंतर चांगले गाऊ लागले. आयबीएमच्या यंत्राकडे मात्र एक वेगळीच गोष्ट होती. झाकण काढलं की आत मोकळे स्लॉट दिसायचे आणि कोणत्याही कंपनीने बनवलेली सर्किटची पट्टी त्यात बसायची. पत्त्यासारखी सपाट, म्हणून कार्ड. कंठ विकत आणून बसवता येईल, अशी जागा त्या रिकाम्या स्लॉटने ठेवली होती.

त्या कंठाचं बीज मात्र संगीतकाराच्या हातून पडलेलं होतं, तेही कितीतरी आधी. 1967 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार कॉम्प्युटरवर स्वरकंपाचे प्रयोग करत होते. आपण गाताना सुराला हलकं आंदोलन देतो, सेकंदाला पाच-सहा झुले. चाउनिंग यांनी तो झुला वाढवत नेला. सेकंदाला पन्नास, शंभर, शेकडो. एका टप्प्यानंतर कानाला आंदोलन जाणवेनासं झालं आणि सुराचा पोतच बदलला. दोन साध्या लहरी, एक दुसरीला हलवणारी, आणि त्यातून घंटा, पितळी वाद्यं, लाकडावरचा ठोका असे नाना आवाज निघू लागले. यालाच एफएम सिंथेसिस म्हणतात. विद्यापीठाने हे तंत्र अमेरिकन ऑर्गन कंपन्यांना देऊ केलं, पण त्यांना त्यात काही दिसलं नाही. जपानच्या यामाहाने मात्र ते ओळखलं आणि घेतलं. 1977 मध्ये पेटंट मिळालं, 1983 मध्ये यामाहाचा डीएक्स-7 हा कीबोर्ड आला आणि त्या दशकातल्या गाण्यांचा आवाज त्याने ठरवला. पुढे हेच तत्त्व यामाहाने नखाएवढ्या स्वस्त चिपमध्ये उतरवलं. तिचं नाव वायएम 3812.

कॅनडातल्या क्वेबेक शहरात मार्तें प्रेव्हेल नावाचे संगीताचे माजी प्राध्यापक होते. ही चिप घेऊन त्यांच्या अॅडलिब कंपनीने 1987 मध्ये एक कार्ड काढलं. एका वेळी नऊ स्वर वाजवणारं. 1988 मध्ये सिएरा कंपनीचा ‘किंग्ज क्वेस्ट 4’ हा गेम या कार्डावर वाजणाऱ्या संगीतासह आला आणि पीसीवर खेळणाऱ्यांना पहिल्यांदा वाद्यवृंदासारखं काही ऐकू आलं. बीपला सरावलेल्या कानांना ते किती मोठं वाटलं असेल! पण अॅडलिब म्हणजे शेवटी बोलता न येणारा वादक. चिपने घडवलेले स्वर तेवढे वाजायचे. माणसाचा आवाज, दाराची करकर, पावसाची सर वाजवणं हे त्याचं काम नव्हतं. आणि बाहेरचं ऐकायला त्याला कानच नव्हते.

कान आणि वाचा दिली सिंगापूरने. पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले, माउथ ऑर्गन वाजवणारे सिम वोंग हू यांनी 1981 मध्ये वर्गमित्रासोबत चायनाटाउनमधल्या पर्ल्स सेंटर इमारतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलं. नाव क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी. कॉम्प्युटर बोलला पाहिजे, गायला पाहिजे, हा त्यांचा ध्यास. 1986 मध्ये त्यांनी ‘क्युबिक सीटी’ नावाचा बोलका कॉम्प्युटर काढला, पण तो चालला नाही. मग अख्खं यंत्र विकण्यापेक्षा त्यातला आवाजच वेगळा काढून विकावा असं ठरलं. पहिलं कार्ड मागे पडलं. दुसरं 1989 मध्ये आलं, साउंड ब्लास्टर.

ते कार्ड नीट पाहिलं की त्याच्या यशाचं गणित उलगडतं. एका बाजूला तीच यामाहाची चिप, म्हणजे अॅडलिबसाठी लिहिलेला प्रत्येक गेम यावर वाजणार. दुसऱ्या बाजूला इंटेलचा एक साधा मायक्रोकंट्रोलर आणि आवाजाचे आकडे व आकड्यांचा आवाज करणारे कन्व्हर्टर, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज वाजणार आणि माइकमधून आवाज आतही येणार. शिवाय मागच्या पट्टीवर जॉयस्टिकचं सॉकेट, ज्यासाठी एरवी वेगळं कार्ड घ्यावं लागायचं. एका स्लॉटमध्ये तीन कामं. आवाजाचा दर्जा म्हणाल तर 8 बिट, मोनो. तरी गेममधलं पात्र खरोखरच्या माणसाच्या आवाजात बोललं. 1992 मध्ये 16 बिटचं साउंड ब्लास्टर 16 आलं, आणि त्याच वर्षी अॅडलिबचं दिवाळं निघालं. गाणाऱ्या शाखेवर ऐकणाऱ्या शाखेची कुरघोडी त्या वर्षी झाली, असं मला वाटतं.

हे बिट म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे, कारण दुकानात सगळ्यात आधी हाच आकडा पुढे केला जातो. आवाजाची लहर मोजायची म्हणजे पट्टी लागते. 8 बिटची पट्टी 256 खुणांची, 16 बिटची 65,536 खुणांची. एक बिट वाढला की सगळ्यात मोठा आवाज आणि खालची खरखर यांतलं अंतर साधारण 6 डेसिबलने वाढतं. म्हणजे 8 बिटला 48, 16 बिटला 96. तानपुऱ्याची आस याच अंतराच्या तळाशी राहते. तळ वर आला की ती आधी बुडते. दुसरा आकडा म्हणजे सेकंदाला किती वेळा मोजायचं. माणसाच्या कानाची मजल फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत, आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त हवी. सीडीसाठी ठरलेला आकडा आहे 44,100. तो असा विचित्र का? सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे. एका फील्डमध्ये, म्हणजे अर्ध्या चित्रात, वापरायच्या 245 ओळी, सेकंदाला 60 फील्ड, ओळीत 3 नमुने: गुणाकार करून पाहा. युरोपातल्या टेपसाठी 294 गुणिले 50 गुणिले 3, उत्तर तेच.

माझं पहिलं कार्ड नव्वदच्या दशकातलं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं. खोक्यावर ‘16 बिट’ ही अक्षरं हातभर. हिरव्या पट्टीवर तीन-तीन पिनांच्या रांगा आणि त्यांवर चढवायच्या इवल्या काळ्या टोप्या, म्हणजे जंपर. पोर्ट 220, आयआरक्यू 5, डीएमए 1 हे आकडे त्या काळी पाढ्यासारखे पाठ असायचे. एखादा जंपर चुकला की कार्ड दुसऱ्या कुणाच्या तरी वाटेत यायचं आणि मशीन अडून बसायचं. ते सगळं जमलं, गाणं वाजलं, आणि तरीही हार्ड डिस्क फिरली की स्पीकरमध्ये कुरकुर ऐकू यायची. मोजपट्टी 16 बिटची होती, पण ती थरथरत्या हातात धरलेली होती. कॉम्प्युटरच्या पोटात विजेचा अखंड गलबला चालतो. तो कन्व्हर्टरपर्यंत पोहोचू न देणं हे खरं कसब आहे, आणि ते खोक्यावर छापता येत नाही.

पुढची दहा वर्षं कार्डं वाद्यांनी आणि करामतींनी भरत गेली. खऱ्या वाद्यांचे नमुने पोटात ठेवणारी कार्डं आली. 1998 च्या साउंड ब्लास्टर लाइव्हमध्ये गुहेचा, दालनाचा घुमारा देणारी दमदार चिप होती. पण तीच चिप आत येणारा प्रत्येक आवाज 48,000 च्या मोजणीत बदलून घ्यायची, त्यामुळे सीडीचं 44,100 चं गाणं जसंच्या तसं बाहेर पडायचं नाही. करामत आणि इमानदारी एकाच कार्डात मिळेलच असं नाही, हे गाणं ऐकणाऱ्यांना तेव्हा कळलं. दरम्यान प्रोसेसर इतके वेगवान झाले की वाद्यं घडवायला वेगळी चिप लागेना. ते काम सॉफ्टवेअरने घेतलं. इंटेलने 1997 मध्ये एसी 97 आणि 2004 मध्ये एचडी ऑडिओ ही मानकं आणली, आणि साउंड कार्ड मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये विरघळलं. विंडोज व्हिस्टाने कार्डाशी थेट बोलण्याची गेमची जुनी वाट बंद केली. गाणारी शाखा तिथे खुंटली.

उरली ऐकणारी शाखा. आजच्या मदरबोर्डचा कोपरा पाहा. खेकड्याची खूण असलेली रिअलटेकची चिप बऱ्याच बोर्डांवर दिसेल. चांगल्या बोर्डावर तिच्याभोवती तांबं काढून टाकलेली एक रेघ असते. ती शोभेची रेघ नव्हे, गलबला अडवणारा बांध आहे. नुसती गाणी आणि सिनेमे ऐकायचे असतील तर इतकं बहुतेकांना पुरतं. तपासायची रीत सोपी आहे. हेडफोन लावा, काहीही वाजवू नका, आवाज पूर्ण वाढवा आणि माउस गोल गोल फिरवा. काही ऐकू आलं नाही तर पैसे वाचले. चिरचिर आली तर बाहेरचा यूएसबी डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा कन्व्हर्टर, घ्या.

गाणं किंवा वाद्य रेकॉर्ड करायचं असेल तर मात्र कॉम्प्युटरबाहेरचा यूएसबी ऑडिओ इंटरफेसच घ्यावा. त्यात माइकसाठी जाड तीन पिनांचं सॉकेट, कंडेन्सर माइकला लागणारा 48 व्होल्टचा पुरवठा आणि माइकचा क्षीण आवाज वाढवणारा शांत प्रीअँप हवा. 24 बिट हवेत, पण कागदावरच्या 144 डेसिबलला भुलू नये. उत्तमातले उत्तम कन्व्हर्टरही 120-130 च्या आसपास थांबतात. जादा बिटांचा फायदा वेगळाच आहे. आवाजाची पातळी थोडी खाली ठेवून निर्धास्तपणे गाता येतं. गाता गाता स्वतःचा आवाज हेडफोनवर हवा असेल तर थेट मॉनिटरिंगची सोय पाहावी, नाहीतर उशिरा येणाऱ्या स्वतःच्याच सुराशी लय बिनसते.

आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्यावं. आपली वीज 50 हर्ट्झची. तो सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर बसतो. अर्थिंग बिघडलं की काळी एकच्या तानपुऱ्याखाली हा परका खर्ज रात्रभर घुमत राहतो, आणि मग महागातलं महाग कार्डही हात टेकतं.

एक इलेक्ट्रिशियन आला, अर्थिंग नीट झालं, छोटा इंटरफेस टेबलावर आला. त्या रात्री मी तेच आवर्तन छेडलं. षड्ज, मग गंधार, मग झिणझिण. धागा बारीक होत गेला, आणखी बारीक झाला, आणि जिथे पूर्वी सूंऽऽ सुरू व्हायचं तिथून पुढेही चालत राहिला. तो पूर्ण विरल्यावर रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आली ती भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. आता रेकॉर्डिंगला बसण्याआधी मी घड्याळ उतरवून शेजारच्या खोलीत ठेवतो.