सुट्टीचा जमाखर्च

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की घरात नव्या वर्षाचे कॅलेंडर येते. खिळ्यावर टांगण्यापूर्वीच ते हातोहात फिरते. मुले लाल तारखा मोजतात आणि रविवारी पडलेल्या सणाबद्दल हळहळतात. वडील शनिवार-सोमवार जोडून चार दिवसांची मोट बांधता येते का, ते पाहतात. आई मात्र तारखांकडे वळण्याआधी मनात निराळाच हिशेब करते : शाळेची फी, विम्याचा हप्ता, घरातले एखादे लग्नकार्य. मग कागदावर तीन रकाने पडतात. रजा, पैसा आणि गाडी. तिन्ही जुळले तर सहल. एक हुकला तर पुढच्या वर्षी!

हे तीन रकाने आपल्याला इतके परिचयाचे झाले आहेत, की ते कधी नव्हतेच अशी कल्पनाही करवत नाही. पण मुंबईच्या गिरणगावात डोकावून पाहिले तर दिसते, की यांतला एकेक रकाना भरायला एकेक पिढी खर्ची पडली आहे.

प्रथम रजा. कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढच्या दोन-तीन दशकांत गिरण्या वाढल्या आणि घाटावरून व कोकणातून माणसांची रीघ लागली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा फार मोठा. शेतात राबणाऱ्या माणसाला कष्ट नवे नव्हते. पण शेताला ऋतू असतात, पेरणी-कापणीनंतर विसावा असतो. यंत्राला ऋतू नाही. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आणि आठवड्याचा एक ठरलेला दिवस आपला म्हणावा, तर तोही नव्हता.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न हाती घेतला. ते सत्यशोधक विचारांचे, ‘दीनबंधू’चे संपादक. 1884 साली त्यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. मागण्या फार मोठ्या नव्हत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. 24 एप्रिल 1890 रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि पुढील वर्षीच्या कायद्याने तिला सरकारी शिक्का मिळाला.

रविवार मिळाला खरा, पण रविवारी कोकण गाठता येत नाही. गावी जायचे म्हणजे निदान पंधरा दिवस हवेत. लग्नसराई, घराची शाकारणी, पेरणीची तयारी, म्हातारी आई, सारे उन्हाळ्यात वाट पाहत असे, आणि एप्रिल-मेमध्ये गिरण्यांत माणसांची चणचण भासे. जाणारा जाई तो बिनपगारी. त्याच्या मागावर ‘बदली’ कामगार उभा राही. परत आल्यावर तो माग पुन्हा आपल्याला मिळेल की नाही, हे पुष्कळदा जॉबरच्या मर्जीवर असे, आणि मर्जी फुकट मिळत नसे. म्हणजे सुट्टीचा खर्च तिहेरी : बुडालेला पगार, प्रवासाचे भाडे आणि परतल्यावर मोजलेली दस्तुरी. 1931 साली व्हिटली कमिशनने आपल्या अहवालात सांगितले, की कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडू नये. त्याला ठराविक मुदतीची रजा द्यावी आणि परतल्यावर काम मिळेल असे आश्वासन द्यावे. शहाणपणाची गोष्ट, पण सल्ला म्हणजे कायदा नव्हे.

हे दुखणे मुंबईचेच होते असे नाही. ज्या लँकेशायरशी मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा होती, तिथे उन्हाळ्यात गावोगावच्या गिरण्या एकेक आठवडा एकदम बंद होत आणि सारे गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर लोटे. तो आठवडाही बिनपगारीच. म्हणून तिथले कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे पैसे क्लबात भरत आणि निघण्याच्या वेळी उचलत. आपल्या भिशीचेच हे भावंड! फ्रान्समध्ये 1936 साली मोठे संप झाले आणि कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. 1938 साली इंग्लंडनेही भरपगारी रजेचा कायदा केला.

आपल्याकडे हे पाऊल 1945 सालच्या दुरुस्तीने पडले आणि 1948च्या कारखाना कायद्याने ते स्थिर झाले. वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा. न घेतलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेण्याची सोय. या कायद्यात दोन बारीक कलमे होती, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. एक, रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा. दुसरे, चार दिवसांहून कमी नसलेली रजा मंजूर झाली, तर त्या दिवसांचा पगार निघण्यापूर्वीच हाती द्यावा. म्हणजे ज्याला उद्याचा भरवसा नव्हता, त्याला कायद्यानेच पुढचे पाहायला सांगितले आणि वाटखर्चही आधी दिला. मात्र ज्या बदलीवाल्याचे 240 दिवस भरत नसत, तो कोरडाच राही. एकाच खोलीत राहणाऱ्या दोघा भावांपैकी एकाला भरपगारी रजा आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती त्यामुळे संभवत होती.

आता पैसा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण अंथरूण केवढे आणि ते कधी हाती येणार, हे तरी कळायला हवे! लोखंड्यांनी पगाराची तारीख मागितली ती याचसाठी. 1936च्या कायद्याने ती मिळाली : मोठ्या कारखान्यात महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत पगार. बोनसचीही गोष्ट अशीच. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अमाप नफा झाला आणि 1917पासून कामगारांना बोनस मिळू लागला. पुढे तो थांबला, तेव्हा 1924च्या आरंभी मुंबईत मोठा संप झाला. पण बोनस हा हक्क नव्हे, असाच निकाल तेव्हा लागला. तो हक्क कायद्यात यायला 1965 साल उजाडावे लागले. दिवाळीच्या बोनसातून मे महिन्याचे भाडे बाजूला काढणारी गृहिणी या सगळ्या इतिहासाची शेवटची ओळ आपल्या वहीत लिहीत असे.

राहिली गाडी. कोकणातल्या चाकरमान्याची वाट एके काळी भाऊच्या धक्क्यावरून निघे. वळकटी, ट्रंक आणि मुले सांभाळीत आगबोटीत जागा धरायची. आणि हर्णै, दाभोळ, जयगड असे करीत आपले बंदर आले, की पुष्कळ ठिकाणी हेलकावणाऱ्या पडावात उतरायचे. पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे रजा आणि पैसा दोन्ही असले तरी दर्या नाही म्हणे. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि हळूहळू लाल गाडी आडगावांपर्यंत पोहोचली. 1956 साली केंद्र सरकारने आपल्या नोकरांना रजेतील प्रवासभाड्याची सवलत दिली. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती 26 जानेवारी 1998 रोजी. पण दैवाचा खेळ पाहा! 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक भोंगा मुका होत गेला होता. गाडी दारात आली, तेव्हा रजा देणारी गिरणीच राहिली नव्हती.

आणि एक रकाना कोणीच आखला नाही. गावी गेले तरी चूल सुटली नाही, अशा बाईच्या रजेचा. चाळीत चार माणसांचे रांधणारी गावी दहा माणसांचे रांधी आणि त्यालाच घरचे लोक तिची सुट्टी म्हणत. 1890च्या सभेत दोघी बोलल्या त्या गिरणीतल्या रविवारासाठी. घरातल्या रविवारासाठी अजून सभा भरायची आहे. आज दारात पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाचीही तीच गत : ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी कमाई नाही.

सहलीच्या आठवणी आपण फोटोंत जपतो. पण खरे वैभव त्याआधीचे आहे. सहा महिन्यांनंतरच्या एका तारखेभोवती आज निर्धास्तपणे पेन्सिलीने गोल काढता येणे, हे आपल्या आज्यापणज्यांना साधले नव्हते. यंदा कॅलेंडर हातात येईल, तेव्हा लाल रविवारांकडे घटकाभर थांबून पाहावे. आणि गोल काढण्यापूर्वी पेन्सील आधी आईच्या हाती द्यावी.